पान, आठ, गोल

जयवंत धुरीने माइक पाडला, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं टाळकं सरकतं. परवासुद्धा अंधेरीला डबिंगच्या वेळी कुणीतरी तीच शिळी गंमत काढली, "सांभाळून रे, नाहीतर धुरी होईल!" आणि सगळे फिदीफिदी हसले. ज्यांनी धुरींना कधी पाहिलंही नाही, तेही हसले. मी चहा तसाच ठेवून उठले. अरे, त्या माणसाच्या हातून आयुष्यात चमचासुद्धा पडला नाही! आणि हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? माइक मी बिघडवला होता.

मी वसुधा. घाटकोपरला राहते, आवाजाची कामं करते. रेडिओवर जी बाई तुम्हाला साबण घ्या, तेल लावा म्हणून सांगते, ती बऱ्याचदा मीच असते. माझा चेहरा कुणी ओळखत नाही आणि ते बरंच आहे.

१९६६ साली मी पहिल्यांदा 'सुस्वर'मध्ये गेले. अंधेरी पूर्वेला एका जुन्या बंगल्यात मार्तंडरावांनी हा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ थाटला होता. पुढे चिंचेचं झाड, आत गोणपाट आणि गाद्या ठोकून आवाज बंद केलेली एक खोली. माहितीपट, रेडिओवरची नाटकं, पुढे जाहिराती, सगळं तिथे व्हायचं. मार्तंडराव मालक. माणूस उदार, पण पारा कायम चढलेला. रोजच्या कामावर आलेल्या आमच्यासारख्यांना ते "उद्यापासून येऊ नका" हे वाक्य "नमस्कार" म्हणावं इतक्या सहज म्हणत.

त्यांचा सगळा जीव एका माइकमध्ये. कुठल्याशा परदेशी रेडिओ स्टेशनसाठी मुद्दाम बनवलेला तो जर्मन माइक. तिथे नवे आले तेव्हा हा निघाला विकायला, आणि बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसाने तो मुंबईला आणला. असे माइक अख्ख्या मुंबईत तीनच आहेत, असं मार्तंडराव पाहुण्यांना सांगायचे. पाहुणा जरा बडा असला की तिनाचे दोन व्हायचे, आणि फारच बडा असला तर एकच उरायचा.

दुधाच्या बाटलीएवढा होता तो. वर तारेची जाळी आणि जाळीच्या आत, पाठीला पाठ लावून, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन चकत्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. एक पुढचं ऐकायची, एक मागचं. माइकबरोबर विजेची एक वेगळी पेटी होती आणि तिच्यावर एक खटका. खटक्याच्या तीन खुणा. पहिली खूण विड्याच्या पानासारखी, म्हणजे माइक फक्त समोरचं ऐकणार. दुसरी इंग्रजी आठासारखी, म्हणजे समोरचं आणि मागचं दोन्ही ऐकणार, पण कुशीला उभ्या असलेल्याचं ऐकणार नाही. तिसरी खूण गोल, म्हणजे चहूबाजूंनी. जर्मन लोक त्यांना काय म्हणतात देव जाणे. आमच्या स्टुडिओत पान, आठ, गोल. ही नावं धुरींनी ठेवलेली.

जयवंत धुरी कुडाळकडचे. बाप गिरणीत होता, तो लवकर गेला. मागच्या दोन भावांची शिक्षणं, लग्नं ह्यांनीच केली, आणि स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. एक भाऊ चेंबूरला गेला, एक बोरिवलीला, आणि हे जोगेश्वरीच्या चाळीतल्या खोलीत एकटे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशात एक मऊ फडकं. बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला वाटायचं, हा मुका आहे की काय.

माइकची निगा हे त्यांचं काम. ह्या असल्या माइकला दमट हवा सोसत नाही, आणि मुंबईत दुसरी हवा आहे कुठे? म्हणून धुरींनी त्याच्यासाठी सागवानी कपाट करून घेतलं होतं. कपाटात पंचवीसचा बल्ब सदा पेटलेला, खाली फडक्यात बांधलेले निळे खडे. खडे ओलावा शोषून गुलाबी झाले की धुरी ते चहाच्या स्टोव्हवर तव्यात टाकून निळे होईपर्यंत भाजायचे. एकदा मार्तंडराव खेकसले, "धुरी, तुमच्या त्या खड्यांपायी चहाला उशीर होतो." धुरी म्हणाले, "चहा थांबतो." झालं. पुढे बोलायची सोय नाही.

माइक चालू केल्यावर आतला व्हॉल्व्ह तापायला अर्धा तास लागायचा. दहाला काम सुरू, म्हणून धुरी नऊला येऊन तो चालू करायचे आणि साडेनऊला आवाज तपासायचे. आणि मी साडेनऊलाच पोचायचे, कारण साकीनाक्यावरून येणारी बस एक तर फार लवकर यायची, नाहीतर फार उशिरा. पहिल्या आठवड्यात मी बाहेर चिंचेखाली बसायचे. एक दिवस हे दारात आले आणि म्हणाले, "बाई, आठ तपासायचा आहे. दोन माणसं लागतात. याल?"

तेव्हापासून रोज. दोन स्टुलं समोरासमोर, मध्ये माइक. दोन्हीकडचं अंतर सारखं हवं म्हणून धुरी एक वीत आणि चार बोटं मोजायचे. मग ते म्हणायचे, "एक, दोन, तीन." मी म्हणायचे, "चार, पाच, सहा." पण नुसत्या आकड्यांवर आवाज नीट कळत नाही, थोडं बोलावं लागतं. म्हणून ते विचारायचे, "आज डब्यात काय?" मी सांगायचे, "कारली. सासूबाईंचा सूड." ते म्हणायचे, "मी पेज केली होती." अशी दोन-चार मिनिटं. मग टेप मागे घेऊन दोघांचे आवाज ऐकायचे, एक कमी एक जास्त नाही ना बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेपवर पुन्हा. कालचं पुसून आजचं.

तीन वर्षांत त्या दोन-दोन मिनिटांत मला त्यांचं सगळं कळलं. आई कशी गेली, चेंबूरच्या भावजयीने चतुर्थीला बोलवायचं कसं बंद केलं, लहानपणी गावच्या दशावतारात त्यांनी एकदा बाईचं काम केलं होतं आणि गाव कसं थक्क झालं होतं. हे सांगताना ते लाजले. मी म्हटलं, "अहो, मग बोलत का नाही तुम्ही कधी?" तर म्हणाले, "बोलतो की. साडेनऊला."

आणि लगेच भुवया उंचावू नका. प्रेमबीम काही नव्हतं. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे, मी संसारात गळ्यापर्यंत बुडालेली. पण घरी माझं म्हणणं पूर्ण वाक्यभर कुणी ऐकत नव्हतं, आणि त्यांच्या खोलीत तर भिंतींशिवाय कुणी नव्हतं. एवढंच होतं आणि ते पुष्कळ होतं.

१९६९चा दसरा आला. दुसऱ्याच दिवसापासून माझी पहिली मोठी मालिका सुरू होणार होती. नवरा-बायकोचं खुसखुशीत बोलणं, रोजची पंधरा मिनिटं, आणि बायको मी! दोघांनी समोरासमोर उभं राहून बोलायचं, म्हणजे काम आठवर. मला आठवडाभर झोप नव्हती. ह्या माइकने साथ दिली तर माझं नशीब उघडलं, असं मनाने घेतलं होतं.

दसऱ्याला स्टुडिओत यंत्रांची पूजा असायची. मी लवकर गेले. धुरींनी सगळं मांडून ठेवलं होतं, टेपची यंत्रं पुसलेली, पाटावर माइकची लाकडी पेटी, हळद-कुंकू, निरांजन. ते स्वतः झेंडू आणि आंब्याची पानं आणायला स्टेशनकडे गेले होते. मी सहज पेटी उघडली. रिकामी! म्हटलं, हे काय? दसऱ्याला रिकाम्या पेटीची पूजा? वेंधळेपणा झाला असणार. कपाटाची किल्ली खिळ्यावर होती. मी माइक काढला, पेटीत आडवा ठेवला, कुंकू पाण्यात कालवलं आणि जाळीवर चांगलं ठसठशीत बोट लावलं. वर फुलाने पाणी शिंपडलं. हात जोडून म्हटलं, बाबा रे, उद्या सांभाळ. पेटी लावून टाकली. तीन वर्षं रोज ते निळे खडे बघत होते, तरी त्या दिवशी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे! आमच्या घरी शिवणयंत्राला कुंकू लागायचं, पाट्या-वरवंट्याला लागायचं. देवाच्या कुंकवाने कधी काही बिघडतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

धुरी आले, तोरणं लागली, मार्तंडरावांनी बंद पेटीला हार घातला, आरती झाली. लोक पेढे खायला बाहेर गेले. मी वळून पाहिलं तर धुरी कपाट उघडून उभे होते. मग ते पेटीकडे गेले. झाकण उघडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दहा वर्षं हा माणूस गुपचूप रिकाम्या पेटीची पूजा मांडत होता, माइकला थेंबभर पाणी लागू नये म्हणून.

त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि जाळी पुसली. फडकं लाल झालं. त्यांनी वर पाहिलं. मी दारात उभी होते आणि माझं बोटही लाल होतं. त्यांनी फडक्याची लाल बाजू आत दुमडून ते खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी खटका आठवर नेला की नुसती चरचर, तव्यावर पाणी पडावं तशी. गोलवरही तेच. मार्तंडराव लालबुंद. "कुणी हात लावला? कुणी?" त्यांची नजर एकेकावर फिरत माझ्यापर्यंत आली. माझ्या घशात शब्द आला होता, खोटं नाही सांगत. पण त्याच्यामागून मालिका आली, घर आलं, "उद्यापासून येऊ नका" आलं. तेवढ्यात धुरी म्हणाले, "माझ्या हातून पडला, साहेब."

आणि मी गप्प बसले. भित्री मेली.

चेंबूरच्या एका जाणकाराने माइक उघडून पाहिला. मागची चकती कामातून गेली होती. नवी जर्मनीहून मागवायची तर सरकारी परवाना हवा, आणि तो मिळता मिळेना. नशीब, पुढची चकती शाबूत होती. म्हणजे आठ गेला, गोल गेला, उरलं फक्त पान. माइक समोरचं तेवढं ऐकायचा. मालिकेत मी आणि माझा तो नवरा एकाच बाजूला दाटीवाटीने उभे राहून भांडलो, आणि लोकांना आमचं भांडण फार आवडलं. माझं नशीब उघडलं ते असं.

धुरींना मार्तंडरावांनी काढलं नाही, कारण त्या माइकचं दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं. पण कपाटावर कागद चिकटवला, 'धुरी यांनी एकट्याने माइक उचलू नये.' दहा वर्षं लेकरासारखा जपलेला माइक, आणि आता रोज सकाळी रेकॉर्डिस्ट बळवंत येईपर्यंत हे कपाटासमोर हात बांधून उभे. बळवंत यायचा, माइकला नुसता हात लावायचा आणि म्हणायचा, "सांभाळून हां, धुरी!" तिथून ती गंमत सुरू झाली.

मी काय केलं? मी उशिराची, दहाला पोचवणारी बस धरली. आठ नाही, तर तपासायला दुसरं माणूस कशाला हवं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. लवकरची बस आली तर मी साकीनाक्याला उतरून वेळ काढायचे, पण साडेनऊला आत जायचे नाही. ते समोर आले तर "काय धुरी?" "ठीक, बाई." संपलं. सहा वर्षं! एका छपराखाली सहा वर्षं.

१९७५ साली मार्तंडरावांनी नवा माइक घेतला. व्हॉल्व्ह नाही, तापवायला नको, नखरे नाहीत. त्याच महिन्यात धुरींची अठ्ठावन्न भरली. निरोपाचा छोटा समारंभ ठेवला. शाल, नारळ, बटाटेवडे. मार्तंडराव भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "सोळा वर्षांत धुरींच्या हातून काही पडलं नाही. म्हणजे, एक गोष्ट सोडली तर!" हशा पिकला. धुरी शाल पांघरून मान खाली घालून बसले होते. तेही हसल्यासारखं करत होते, आणि ते माझ्याने बघवलं नाही.

मी उठले. म्हटलं, "माइक त्यांनी पाडला नाही. दसऱ्याला मी त्याला ओलं कुंकू लावलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. हसायचं तर मला हसा."

मार्तंडराव आ वासून बघत राहिले. मग ते उठले आणि त्यांनी धुरींचा हात हातात घेतला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं! सहा वर्षांचा दगड उतरला. वाटलं, आता धुरी माझ्याकडे बघून मान डोलावतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल.

ते उठून आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. ते कपाटावरचा तो कागद नखाने खरवडत होते. मी म्हटलं, "धुरी, चुकले मी. फार उशीर केला."

ते वळले. एवढा चिडलेला माणूस मी पाहिला नव्हता. माझ्याशी कधी न बोललेली गावची बोली त्यांच्या तोंडून बाहेर आली. "तुमका ह्या बोलूक कोणी सांगितल्यान? माका नको होता ता! लोक काय ते बोलले, माका काय एक वाटूक नाय."

"पण तुमचं नाव..."

"नावाचा काय करू? घरात कोण आसा माका नावान हाक मारूक?" त्यांचा आवाज फाटला. "सहा वर्षां मी वाट बघत होतंय ती ह्याची नाय. तुमी साडेनवाक येतलात म्हणान बघत होतंय. आठ गेलो म्हणान काय झाला? पान होता मा? एकाच बाजूक दोघां बसली असती."

कपाटावर कागदाचा एक तुकडा उरला होता, तो मी नखाने खरवडायला लागले. रोज लोकांना शब्द विकणारी मी!

त्यांनी फडक्याने कपाट पुसलं, आतला बल्ब बंद केला, आणि शाल खांद्यावर टाकून निघून गेले. नऊ वर्षांत तो बल्ब बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या रविवारी मी जोगेश्वरीला गेले. चाळीत शोधत शोधत त्यांच्या खोलीशी पोचले, तर दाराला कुलूप. शेजारच्या मालनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "ते गुरुवारीच गावाला गेले, कायमचे. तुम्ही कोण?" मला सांगताच येईना मी कोण ते. शेवटी म्हटलं, "आम्ही एकत्र कामाला होतो." त्या म्हणाल्या, "अगो बाई, त्यांच्याकडे कोणी आलेलं मी पहिल्यांदाच बघते. तुम्ही आधी यायचंत ना!" त्यांनी पाणी दिलं. गावाचं नाव दिलं. मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. आज ते आहेत की गेले, हेही मला ठाऊक नाही, आणि विचारायला कुडाळपर्यंत जायची हिंमत अजून झालेली नाही.

परवाचं डबिंग, जिथून मी चहा टाकून उठले म्हटलं ना, तिथली गोष्ट अजून थोडी राहिली. मी परत आत गेले, काम तर करायचंच होतं. हल्ली काचेच्या खोलीत एकटीनेच उभं राहायचं असतं. समोर एक माइक, तो फक्त समोरचं ऐकणारा. काचेपलीकडे नवी रेकॉर्डिस्ट होती, कमळ नावाची, चुणचुणीत मुलगी. ती म्हणाली, "मावशी, जरा बोला ना, आवाज बघते."

मी म्हटलं, "चार, पाच, सहा."

ती हसली. "मावशी, तुम्ही नेहमी चारपासून का सुरू करता हो? एक, दोन, तीन म्हणा ना."

मी म्हटलं, "ते माझे नाहीत गं. ते दुसऱ्या माणसाने म्हणायचे असतात." आणि आधी थोडी थांबले, तीन आकडे मोजायला लागतात तेवढी. मग पुन्हा म्हटलं, "चार, पाच, सहा."